ऑपरेशननंतर आखडलेला गुडघा: आधी सरळ करा, मग वाकवा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा फिजिओथेरपीला येणारा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतो: "माझा गुडघा वाकेल ना?" मी लगेच उत्तर देत नाही. पाय पसरून बसायला सांगते आणि गुडघ्यामागच्या लवणीखाली हात सरकवते. तळहात आरपार जातो. मग तोच हात दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याखाली घालून बघते. तिथे बोटंसुद्धा अडकतात. "आधी ही फट बुजवू," मी म्हणते, "वाकण्याचं त्यानंतर बघू."

समोरच्याला हे उलटंच वाटतं, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण "किती वाकतोय?" असंच विचारत असतो. पण दहा अंश कमी वाकणारा गुडघा घेऊन माणूस व्यवस्थित चालतो. दहा अंश कमी सरळ होणारा गुडघा असेल, तर तो लंगडतो. पाय पूर्ण सरळ होत नसला की नुसतं उभं राहायलाही मांडीचा स्नायू सतत आवळून धरावा लागतो. तो थकतो, वाटीखाली दुखायला लागतं, पाय आखूड असल्यासारखी चाल होते आणि पाठोपाठ कंबर कुरकुरते. शिवाय वाकणं बरेच महिने थोडंथोडं वाढत राहतं. सरळ होणं पहिल्या काही आठवड्यांत निसटलं, तर परत मिळवताना फार झगडावं लागतं.

लेख रुग्णाइतकाच घरातल्या मदतनिसानेही वाचावा. गुडघ्याखाली उशी सरकवण्याची चूक बहुतेक वेळा तोच करतो, तीही मायेने.

सुरुवात करण्याआधी सर्जनना विचारायचं

"गुडघ्याचं ऑपरेशन" या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात. सांधा बदलला असेल, तर साधारणपणे पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच वजन टाकून चालवतात आणि वाकवायलाही लावतात. एसीएल हे लिगामेंट नव्याने बसवलं असेल, तर सरळ करण्याची घाई असते. मात्र त्यासाठी मांडीमागच्या स्नायूंचा दोरा काढला असेल, तर त्या स्नायूंवर काही आठवडे जोर द्यायचा नसतो. फाटलेली गादी, म्हणजे मेनिस्कस, नुसती छाटली असेल तर बरीच मोकळीक मिळते. तीच टाके घालून शिवली असेल, तर बरेच सर्जन चार ते सहा आठवडे ९० अंशांपुढे वाकवू देत नाहीत. वाटीचं हाड तारेने बांधलं असेल किंवा वाटीच्या वरचा-खालचा स्नायूबंध शिवला असेल, तर स्वतःच्या ताकदीने पाय सरळ करायलाच काही काळ मनाई असू शकते. नडगीच्या वरच्या टोकाचं फ्रॅक्चर असेल, तर गुडघा हलवायचा पण पायावर भार द्यायचा नाही, असं सहा ते बारा आठवडे चालू शकतं.

म्हणून पुढच्या तपासणीला जाताना हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. पायावर किती वजन टाकू?
२. किती अंशांपर्यंत वाकवायची परवानगी आहे आणि ही मर्यादा कधी उठेल?
३. माझ्या ताकदीने पाय सरळ करायला, उचलायला हरकत आहे का?
४. ब्रेस असेल तर झोपताना घालायचा का, आणि कधी सोडायचा?
५. भूल दिलेली असताना, टेबलावर, गुडघा किती सरळ झाला आणि किती वाकला होता?

पाचवा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि मला तो सगळ्यांत कामाचा वाटतो. दुखण्याची अडचण नसताना सांधा कुठवर गेला, हे त्यातून कळतं. तिथे तो पूर्ण सरळ झाला असेल, तर आज जे अडतंय ते सूज, वेदना आणि घट्ट झालेल्या ऊतींमुळे, आणि त्यावर काम करता येतं.

दुसऱ्या कोणाला मिळालेला व्यायामाचा कागद वापरू नका. त्यांची गादी छाटलेली असेल आणि तुमची शिवलेली.

आखडतो कशाने?

ऑपरेशननंतर सांध्यात रक्त आणि पाणी साचतं. अशा भरलेल्या सांध्याला साधारण ३० अंशांत वाकून राहिलं की आतून सगळ्यांत कमी दाब जाणवतो. त्यामुळे शरीर आपोआप तीच स्थिती धरून बसतं. त्याच वेळी ताणलेल्या सांध्यातून निघणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, ब्रेक लावतात. त्यासाठी फार पाणी लागत नाही. प्रयोगासाठी सांध्यात २०-३० मिलिलिटर द्रव सोडला, तरी मांडीच्या आतल्या बाजूचा भाग मंदावलेला दिसला आहे. "पाय माझं ऐकतच नाही" असं रुग्ण म्हणतो, ते शब्दशः खरं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे व्रणाची ऊती. वाटीच्या वर सांध्याची एक पिशवीसारखी जागा असते. गुडघा वाकतो तेव्हा तिच्या घड्या उलगडतात. हालचाल बंद राहिली की या घड्या एकमेकींना चिकटतात, वाटीखालची चरबीची गादी आवळली जाते आणि वाटी जागच्या जागी रुतून बसते. काही जणांत ही ऊती गरजेपेक्षा खूप जास्त तयार होते. त्याला आर्थ्रोफायब्रोसिस म्हणतात. सगळे व्यायाम इमानेइतबारे केलेल्या माणसालाही ते होऊ शकतं, त्यामुळे "तूच आळस केलास" असं घरच्यांनी म्हणू नये.

आपोआप गुडघा हलवणाऱ्या मशीनबद्दल, म्हणजे सीपीएमबद्दल, हमखास विचारणा होते. कॅनडातले सर्जन रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात सतत हालचालीची ही कल्पना पुढे आणली. सांधे प्लास्टरमध्ये आठवडेच्या आठवडे बांधून ठेवण्याच्या काळात ती क्रांतिकारकच होती. पुढे सांधा बदललेल्या रुग्णांवर चाचण्या झाल्या. नेहमीच्या व्यायामाला मशीनची जोड दिल्याने पडणारा फरक अगदी किरकोळ निघाला. सर्जननी सांगितलं असेल तर वापरा, पण मिळालं नाही म्हणून हळहळू नका.

घरी मोजमाप

पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश. धडधाकट गुडघा साधारण १३५-१४० पर्यंत वाकतो. सपाटीवर चालताना ६० ते ७० अंश पुरतात, जिना चढायला ८०-८५, उतरायला ९० ते १००, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला शंभरच्या आसपास. बसून बुटाची नाडी बांधायला साधारण १०५ लागतात. उकिडवं बसायला १३० च्या वर. आपली उंची, खुर्चीची उंची यांनुसार हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात.

वाकणं मोजायला मोबाइल पुरतो. पायावर तीन ठिपके काढा: मांडीच्या बाहेरच्या बाजूला वर हाताला लागणारं खुब्याचं उंचवट्याचं हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याचं बाहेरचं हाड. जमेल तितका पाय वाकवून बाजूने, कॅमेरा गुडघ्याच्याच उंचीवर धरून फोटो घ्या. ठिपके रेषांनी जोडून कोन काढा आणि तो १८० मधून वजा करा. सरळपणा मोजायला पालथं झोपून, वाट्या पलंगाच्या काठावर आणि नडग्या बाहेर अशा स्थितीत पाय सैल सोडा. आखडलेल्या पायाची टाच दुसऱ्यापेक्षा वर राहते. टाचांमधल्या उंचीचा एक सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने एक अंश.

आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, व्यायामानंतर मोजा. रोज मोजणारा माणूस रोज खट्टू होतो. सकाळी गुडघा हट्टी असतो, संध्याकाळी सुजलेला असतो. त्या चढउतारांतून काही कळत नाही.

पायरी १: सूज उतरवा

सूज असताना केलेला व्यायाम म्हणजे भरलेल्या फुग्याला घडी घालण्याचा खटाटोप. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा लावा. उघड्या त्वचेवर बर्फ नको. कापलेल्या जागेभोवती बधिरपणा असतो, भाजल्यासारखी इजा झाली तरी कळत नाही. पाय उंचावर ठेवताना घोटा छातीपेक्षा वर हवा आणि आधार टाच-पोटरीला द्यायचा, गुडघ्याच्या लवणीला नाही. स्टुलावर पाय ठेवून खुर्चीत बसलं की पाय उंचावला असं वाटतं, पण तेवढ्याने सूज फारशी उतरत नाही.

जागेपणी तासातासाला पंजा वर-खाली वीस-तीस वेळा हलवा. पोटरी पंपासारखी चालते, रक्त साकळण्याचा धोकाही कमी होतो.

आणि चालण्याला आवर घाला. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उत्साही मंडळी याच ठिकाणी घसरतात. बरं वाटतंय म्हणून घरभर हिंडतात, संध्याकाळी गुडघा टम्म फुगतो आणि पुढचे दोन दिवस वाकत नाही. वाटीच्या मध्यावर टेपने घेर मोजून ठेवा. सकाळपेक्षा संध्याकाळी एक सेंटिमीटरहून जास्त वाढत असेल, तर उद्या चालणं कमी आणि पाय वर जास्त.

पायरी २: सरळ करा

उशीपासून सुरुवात करू. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, कारण सांध्याला हवी असलेली ३० अंशांची स्थिती मिळते. रात्रभर त्याच स्थितीत राहिलं की मागची ऊती तेवढीच लांबी कायमची समजून घट्ट होते. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं व्यायाम आणि रात्री आठ तास उशी, यात जिंकणार कोण ते उघड आहे. उशी काढा. हवी असेल तर टाचेखाली घ्या.

*टाच उंच.* पाठीवर झोपून किंवा पाय पसरून बसून टाचेखाली घट्ट गुंडाळलेला टॉवेल ठेवा. पोटरी आणि मांडी खाली टेकता कामा नये, गुडघ्याखाली पोकळी हवी. आता काहीही करू नका. पायाला त्याच्या वजनाने खाली जाऊ द्या. पंजा बाहेरच्या बाजूला कलंडायला बघतो, तो छताकडे ठेवा, नाहीतर सगळा ताण फुकट जातो. पाच मिनिटांपासून सुरुवात करून दहा-पंधरापर्यंत न्या, दिवसातून चार-पाच वेळा. दोन-तीन मिनिटांनी लवणीत रग लागते, ती अपेक्षितच आहे. वाटीत किंवा सांध्यात खोलवर तीक्ष्ण कळ आली तर थांबा. ताण हलका आणि लांब वेळ ठेवायचा. घरातल्या कोणी गुडघ्यावर हात ठेवून दाबलं की स्नायू उलट आवळतात, आणि एका झटक्यात चार दिवसांची मेहनत जाते.

*मांडी आवळणं.* टाच उंच असतानाच गुडघ्याची मागची बाजू खाली दाबल्यासारखं करून मांडी घट्ट करा. पाच-सहा सेकंद धरा आणि पूर्ण सैल सोडा. दहा-दहाचे संच. बरोबर होतंय का ते बघायला वाटीकडे लक्ष ठेवा. स्नायू खरंच ओढत असेल, तर वाटी मांडीच्या दिशेने वर सरकलेली दिसते. पहिले काही दिवस काहीच हलत नाही. अशा वेळी आधी चांगल्या पायाची मांडी आवळा, मग दोन्ही एकदम. हात मांडीवर ठेवून स्नायू चाचपत राहिलं तरी मदत होते. तरी पाय ऐकेना, तर फिजिओथेरपिस्टकडे विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू जागा करण्याचं यंत्र असतं, त्याबद्दल विचारा.

*पालथं झोपून पाय लोंबकळवणं.* मोजमापासाठी सांगितलेली स्थिती. वाटी काठाच्या किंचित बाहेर असू द्या, म्हणजे तिच्यावर दाब येणार नाही. पाच ते दहा मिनिटं. सांधा बदललेल्या आणि वयस्कर रुग्णांना पालथं होणं जड जातं. त्यांनी टाच उंच ठेवण्यावरच भर द्यावा, काही बिघडत नाही.

*चाल.* वॉकर किंवा कुबडी असतानाच टाच आधी टेकवायची सवय लावा. टाच टेकली की गुडघा सरळ होतो, पाय पुढे गेला की वाकतो. प्रत्येक पावलागणिक व्यायाम होतो. चवड्यावर, वाकलेल्या गुडघ्याने चालणारा माणूस प्रत्येक पावलाला उलटा सराव करत असतो. कुबडी लवकर टाकण्यात मला तरी काही शौर्य दिसत नाही. लंगडत बिनकाठीचं चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चालणं कधीही बरं.

पायरी ३: वाटी मोकळी करा

टाके निघून जखम पूर्ण कोरडी झाली की हे सुरू करायचं. त्याआधी नाही. पाय सरळ आणि मांडी पूर्ण सैल हवी. मांडी आवळलेली असेल तर वाटी हलणारच नाही. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जनींनी वाटीच्या कडा धरून ती आत-बाहेर, मग वर-खाली सरकवा. दोन्ही टोकांना पाच सेकंद थांबा. खाली दाबायची नाही, टेबलावरच्या नाण्यासारखी आडवी सरकवायची. आधी चांगल्या पायावर करून बघा, म्हणजे वाटी किती सहज सरकते याचा अंदाज येतो. वाटी खाली सरकत नसेल तर वाकणं अडतं. वर सरकत नसेल, तर स्वतःच्या ताकदीने शेवटचे काही अंश सरळ होत नाही.

कापलेल्या रेषेवरही बोटाने आडवं-उभं चोळा. त्वचा खालच्या थरावर सरकायला हवी.

पायरी ४: वाकवा

व्यायामाआधी ३०-४५ मिनिटं, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घ्यायची वेळ जमवा. दुखणं कमी असलं की स्नायू पहारा ढिला करतात. सूज पूर्ण उतरलेली असेल, तर काही आठवड्यांनंतर आधी ऊबदार शेक आणि व्यायामानंतर बर्फ असा क्रम ठेवता येतो. गुडघा अजून गरम-सुजलेला असेल तर शेक नको.

*टाच सरकवणं.* पाठीवर झोपा, पायात मोजा घाला, टाच हळूहळू नितंबाकडे ओढा. अडलं की तिथेच थांबून दोन-तीन संथ श्वास घ्या. श्वास सोडताना आणखी किंचित ओढा. चादर किंवा पट्टा नडगीभोवती टाकून हाताने मदत करता येते. मांडीमागचे स्नायू ज्यांनी वापरायचे नाहीत, त्यांना तर ती घ्यावीच लागते. दहा-पंधरा वेळा, शेवटच्या तीन-चार वेळा टोकाला तीस सेकंद.

*खुर्चीत.* काठाशी बसून चांगल्या पायाचा घोटा दुखऱ्या पायाच्या घोट्यावर पुढून ठेवा आणि मागे ढकला. ९० च्या आसपास पोचल्यावर दुसरी युक्ती: पाऊल जमिनीवर पक्कं रोवून ठेवायचं आणि बसल्याबसल्या नितंब खुर्चीत पुढे सरकवायचे. पाऊल जागेवर, शरीर पुढे, आपोआप गुडघा वाकतो. यात फसवणूक करणं फार सोपं आहे. नितंब उचलून कंबर वाकडी केली की गुडघा जास्त वाकल्यासारखा भास होतो. दोन्ही बाजूंनी सारखं वजन ठेवून बसा.

*भिंतीवर.* पाठीवर झोपून पाय भिंतीवर उभा टेकवा आणि टाच स्वतःच्या वजनाने खाली घसरू द्या. उतरताना चांगल्या पायाने खालून धरून ठेवा, म्हणजे भीती वाटत नाही. माझा हा सगळ्यांत आवडता प्रकार, कारण इथे वाकवण्याचं काम गुरुत्वाकर्षण करतं आणि रुग्णाला फक्त सोडून द्यायला शिकायचं असतं.

*आवळा आणि सोडा.* टोकाला अडल्यावर, जिथे हात किंवा पट्टा आहे त्याविरुद्ध पाय सरळ करायचा हलका प्रयत्न करा, पाच सेकंद, फार जोर न लावता. सोडा. लगेच दोन-चार अंश जास्त मिळतात. शिवलेला स्नायूबंध किंवा बांधलेली वाटी असेल तर हा प्रकार सर्जनना विचारल्याशिवाय नको.

*सायकल.* जागेवरची सायकल, सीट उंच. पूर्ण फेरा मारायला साधारण १०५-११० अंश लागतात. तेवढं नसेल तर पेडल पुढे-मागे झुलवत राहा. बहुतेकांना पहिला पूर्ण फेरा उलट्या दिशेने जमतो. फेरा जमावा म्हणून कंबर उचलू नका. आठवड्याला सीट थोडी खाली घेत जा.

किती दुखलं तर चालेल?

शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना चार-पाचपर्यंत चालेल. खरी परीक्षा नंतरची. अर्ध्या-एक तासात दुखणं पूर्वपदावर यायला हवं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कालच्याइतका किंवा कालपेक्षा बरा हवा. सकाळी जास्त सुजलेला, जास्त आखडलेला असेल तर काल जास्त झालं. आज निम्मं करा, पूर्ण बंद मात्र नको.

दात-ओठ खाऊन वाकवलेल्या गुडघ्याची किंमत दुसऱ्या दिवशी मोजावी लागते. रुग्ण ओरडेपर्यंत वाकवणं हीच खरी फिजिओथेरपी, असा समज अजून आहे. त्याने सूज वाढते, सुजेने स्नायू बंद पडतो आणि व्रणाच्या ऊतीला आणखी खतपाणी मिळतं.

दिवस असा लावा

एकदम तासभर करून उरलेला दिवस खुर्चीत घालवण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांच्या पाच-सहा बैठका कधीही चांगल्या. प्रत्येक बैठकीत आधी टाच उंच आणि मांडी आवळणं, मग वाकवणं, पुन्हा दोन मिनिटं टाच उंच आणि शेवटी बर्फ. दोन बैठकांच्या मध्ये गुडघा एकाच स्थितीत अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका. बसून काम असेल तर टेबलाखाली पाय पुढे-मागे करत राहा.

रात्र सगळ्यांची वाईट जाते. दुखण्याने झोप मोडली तर अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा उठून खोलीत दोन फेऱ्या मारा, बर्फ लावा, टाचेखाली टॉवेल ठेवून पडा.

पायरी ५: ताकद

मिळवलेले अंश वापरायला स्नायू हवा. सांधा बदलल्यावर महिन्याभराने क्वाड्रिसेप्सची ताकद ऑपरेशनपूर्वीच्या निम्म्याहून खाली गेलेली असू शकते. सरळ पाय उचलण्यापासून सुरुवात करा, पण एक अट: पाय उचलताना गुडघा किंचितही वाकता कामा नये. वाकत असेल तर अजून मांडी आवळण्याचंच काम बाकी आहे. त्यानंतर खुर्चीतून उठ-बस (आधी उंच बैठक, मग साधी), काठाला धरून टाचा उचलणं, भिंतीला पाठ लावून थोडं खाली बसणं, आणि मग पायरी: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उठता-बसताना सगळं वजन चांगल्या पायावर ढकलण्याची सवय इतकी नकळत लागते की आरशासमोर बसल्याशिवाय ती दिसतच नाही.

कुठवर पोचायला हवं?

ढोबळ अंदाज असा. सांधा बदलल्यावर दोन आठवड्यांच्या आसपास ९० अंश, सहा आठवड्यांपर्यंत ११० च्या जवळ. एसीएलनंतर पहिल्या दोन आठवड्यांत दुसऱ्या पायाइतकं पूर्ण सरळ आणि साधारण ९० वाकणं, सहा आठवड्यांपर्यंत १२०. शिवलेली गादी आणि फ्रॅक्चर यांना हे वेळापत्रक लागू नाही. ऑपरेशनपूर्वीच गुडघा जेमतेम ८० वाकत असेल, तर त्याच्याकडून १३० ची अपेक्षाही धरू नका. नंतर किती वाकेल याचा सगळ्यांत मोठा अंदाज आधीच्या वाकण्यावरूनच येतो.

नियमित व्यायाम करूनही सलग दोन आठवडे आकडा जागचा हलला नाही, किंवा मिळालेले अंश कमी व्हायला लागले, तर सर्जनना लवकर भेटा. "अजून महिनाभर बघू" असं स्वतःच ठरवू नका. भूल देऊन गुडघा हलवून चिकटलेली ऊती सोडवतात, ते बहुधा पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत केलेलं बरं पडतं. ऊती जुनी आणि कडक झाली की दुर्बिणीने ती कापावी लागू शकते. आणि भूल देऊन मोकळा केलेला गुडघा त्याच दिवसापासून पुन्हा व्यायामाला लावला नाही, तर तो परत आखडतो.

वाट न बघता डॉक्टरांकडे

पोटरीत नवीन दुखणं, सूज, ऊब किंवा कडकपणा. अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त; यात तर थेट तातडीच्या विभागात. जखमेतून पाणी किंवा पू, भोवती पसरत जाणारी लाली, थंडी वाजून ताप. कालपर्यंत उचलता येणारा पाय आज अचानक उचलता न येणं, विशेषतः घसरल्यावर किंवा "कट" आवाज आल्यावर. गुडघा एका कोनात अडकून बसणं. पाऊल थंड, निळसर पडणं किंवा पंजा वर न उचलणं.

याउलट काही गोष्टींनी लोक विनाकारण घाबरतात. कापलेल्या रेषेच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो, कारण तिथे जाणाऱ्या त्वचेच्या बारीक नसा कापल्या जातात. तो महिनोन् महिने आकसत जातो, काहींचा थोडा कायमचा राहतो. सांधा बदललेला गुडघा स्पर्शाला दुसऱ्यापेक्षा गरम लागणं अनेक महिने चालू शकतं. आणि अशा बदललेल्या सांध्यातून चालताना खुट् असा आवाज आला, पण त्यासोबत दुखणं किंवा सूज नसली, तर तो धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना टेकल्याचा असतो.